वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीची चाहूल कशी लागते?

ज्वालामुखीच्या पोटातील हालचाली भूकंपलहरींवरून आणि आवाजावरून कशा ओळखतात, याविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ज्वालामुखीवर बसवलेला भूकंपमापक आणि एरवीचा भूकंपमापक यांत काही फरक असतो का? उद्रेक होणार आहे हे त्या यंत्राला कसे कळते? (भूगोलाचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : यंत्र जवळपास तेच असते, फरक पडतो तो नोंद वाचण्यात. उद्रेक होणार की नाही हे कोणत्याही यंत्राला कळत नाही. पायाखालची जमीन कोणत्या क्षणी, किती आणि कशी हलली, एवढेच ते टिपते. त्या नोंदीवरून डोंगराच्या पोटात काय चालले आहे याचा अर्थ लावणे हे माणसाचे काम आहे आणि ते शिकायला दीडशेहून अधिक वर्षे लागली आहेत. इटलीतील व्हेसुव्हियसच्या उतारावर १८४१ मध्ये ज्वालामुखीची पहिली वेधशाळा बांधायला सुरुवात झाली. तिचे संचालक लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विद्युतचुंबकीय भूकंपमापक तयार केला आणि त्याच्या नोंदींची उद्रेकांशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. पुढे १९१० मध्ये जपानमधील उसू ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा फुसाकिची ओमोरी यांनी तेथे यंत्रे नेली आणि ज्वालामुखीची अखंड चालणारी थरथर कागदावर आणली.

खोलवरचा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, वर सरकू लागला की त्याला वाट हवी असते. ती वाट करून देताना आजूबाजूचा कठीण खडक तडकतो आणि छोटे-छोटे भूकंप होतात. त्यांची नोंद एरवीच्या भूकंपासारखीच असते : आधी प्राथमिक लहरींचा टोकदार आरंभ, मग थोड्या अंतराने दुय्यम लहरी. तीन-चार केंद्रांवर या लहरी कोणत्या क्षणी पोहोचल्या ते पाहून धक्क्याची जागा आणि खोली काढता येते. दिवसागणिक ही जागा सरकत गेली, तर शिलारसाची वाटचाल नकाशावर मांडता येते. दुसऱ्या प्रकारचे धक्के मंद वारंवारतेचे, सेकंदाला साधारण अर्ध्या ते पाच कंपनांचे असतात. शिलारस, वाफ किंवा वायू यांनी भरलेल्या भेगेत दाब एकाएकी बदलला की आतील द्रवासह ती भेग घुमू लागते. अशा नोंदीचा आरंभ धूसर असतो आणि दुय्यम लहर वेगळी काढणे अवघड जाते. तिसरा प्रकार म्हणजे ओमोरींनी नोंदवलेली थरथर. ती कधी काही मिनिटे, तर कधी कित्येक दिवस चालते आणि वायू किंवा शिलारस सतत हलत असल्याचे सांगते. पहिल्या प्रकारचे धक्के वाढत असताना त्यांत दुसऱ्या प्रकारचे धक्के मिसळू लागले, तर वेधशाळेतील माणसे सावध होतात, कारण खडक फुटण्याचा टप्पा मागे पडून दाबाखालचा द्रव वरच्या भागात पोहोचल्याची ती खूण असू शकते.

हे सगळे पणाला लागले ते १९९१ मध्ये, फिलिपाइन्समधील पिनाटुबो डोंगरावर. हा डोंगर सुमारे पाचशे वर्षे शांत होता. त्याच्या उतारावर आएता आदिवासींच्या वस्त्या होत्या आणि पायथ्याजवळ अमेरिकेचा क्लार्क हा मोठा हवाई तळ होता. २ एप्रिल रोजी डोंगरावर वाफेचे स्फोट झाले. फिलिपाइन्सच्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेने काही दिवसांतच तेथे भूकंपमापक बसवला. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण विभागाचे पथक येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून रेडिओवरून नोंदी पाठवणारी सात केंद्रे उभी केली. मे महिन्यात बहुतेक धक्के शिखराच्या वायव्येला सुमारे ५ किलोमीटरवर होत होते. जून उजाडताच वाफेच्या तोंडांच्या अगदी खाली, उथळ जागी धक्क्यांचा दुसरा पुंजका सुरू झाला. ७ जूनला शिलारसाचा घुमट वर आला, १० जूनला क्लार्क तळावरील सुमारे १४,५०० माणसे हलवण्यात आली आणि १५ जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. नेमक्या त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ तेथून गेले. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली घरांची छपरे कोसळली आणि त्यांत शेकडो माणसे दगावली. तरीही वेळेवर झालेल्या स्थलांतरामुळे किमान ५,००० जीव वाचले, असा अमेरिकी सर्वेक्षण विभागाचा अंदाज आहे. केवळ दहा आठवड्यांच्या नोंदींवर, अनोळखी डोंगराबाबत, हजारो लोकांना घरे सोडायला सांगणारा हा निर्णय मला या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत धाडसाचा वाटतो.

प्रश्न : भूकंपमापक असताना आवाज वेगळा मोजण्याची गरज काय? शिवाय जो आवाज माणसाला ऐकूच येत नाही, तो मोजतात कसा? (निवृत्त अभियंता, कोल्हापूर)

उत्तर : भूकंपमापक जमिनीच्या आतले सांगतो, मात्र ज्वालामुखीचे तोंड उघडले आहे की नाही हे एकट्या त्याच्या नोंदीवरून खात्रीने सांगता येत नाही. वायू स्फोटाने बाहेर पडला, बुडबुडा फुटला किंवा लाव्हारसाचे कारंजे उडाले, तर मात्र हवा ढकलली जाते. ज्वालामुखीचे तोंड शेकडो मीटर रुंद असू शकते, त्यामुळे त्याने ढकललेल्या हवेची कंपने फार सावकाश असतात. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनांचा हा आवाज आपल्या कानाच्या पट्टीखाली राहतो. त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. जमीन हलली आणि हवा हलली नाही, तर घडामोड आतच आहे. दोन्ही हलल्या, तर तोंड उघडलेले आहे. ढगांमुळे शिखर दिसत नसताना, किंवा रात्रीच्या वेळी, एवढा एक फरक कळणेही फार मोलाचे असते.

दोन्ही लहरींच्या वेगातही मोठा फरक आहे. ज्वालामुखीपासून १० किलोमीटरवरच्या केंद्रावर भूकंपलहर तीन-चार सेकंदांत पोहोचते, तर सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जाणाऱ्या आवाजाला जवळपास अर्धा मिनिट लागतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ही वजाबाकी केली की घटना तोंडाशी घडली, की खोलवर सुरू होऊन मग वर आली, याचा अंदाज बांधता येतो.

मोजण्याची पद्धत अशी. हवेच्या दाबातील अगदी बारीक चढउतार टिपणारे चार किंवा अधिक संवेदक एकमेकांपासून काही दशक ते शंभर-दोनशे मीटर अंतरावर मांडतात. शंभर मीटर कापायला आवाजाला साधारण ०.३ सेकंद लागतात. म्हणून कोणत्या संवेदकावर लहर किती आधी आली, यावरून ती कोणत्या दिशेने आली ते कळते. सर्वांत मोठा शत्रू वारा. वाऱ्याच्या झोतानेही दाब बदलतो आणि तो बदल स्फोटाच्या नोंदीला सहज झाकून टाकतो. यावर उपाय म्हणून संवेदकाला सच्छिद्र नळ्या जोडून त्या जमिनीवर चहूबाजूंना पसरतात. वाऱ्याचे झोत जागोजागी वेगवेगळे असल्याने नळीच्या लांबीवर ते एकमेकांना छेद देतात, पण दुरून आलेली लांब लहर सगळ्या नळ्यांवर जवळपास एकाच वेळी पोहोचते आणि टिकून राहते. जागा निवडताना दाट झाडी शोधतात, तीही याच कारणाने.

याचा प्रत्यक्ष उपयोग पाहायचा तर सिसिलीतील एटनाकडे पाहावे. तेथे लाव्हारसाच्या कारंज्याआधी बहुधा लहान-लहान स्फोट सुरू होतात आणि ते हळूहळू जोर धरतात. फ्लोरेन्स विद्यापीठाच्या मॉरिझिओ रिपेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाढत्या अवश्राव्य आवाजावर चालणारी स्वयंचलित इशारा यंत्रणा तेथे उभारली. आठ वर्षांच्या नोंदींवर ती तपासली तेव्हा ५९ पैकी ५७ उद्रेकांची सूचना तिने आधी दिली होती, तीही साधारण तासभर आधी. तासाभरात कोणतेही गाव रिकामे होत नाही. विमानांचे मार्ग मात्र बदलता येतात आणि शिखरावरच्या पर्यटकांना खाली आणता येते.

चिलीतील व्हियारिका ज्वालामुखीचे उदाहरण मला त्याहूनही आवडते. त्याच्या विवरात लाव्हारसाचे तळे आहे आणि ते सतत अवश्राव्य आवाज काढत असते. ३ मार्च २०१५ रोजी तेथे जोरदार उद्रेक झाला. त्याआधीच्या दिवसांतील नोंदी अभ्यासकांनी नंतर तपासल्या, तेव्हा आवाजाची पट्टी चढत गेली होती आणि विवरातला घुमारा कमी कमी होत गेला होता. नळाखाली हंडा भरताना पाणी काठाकडे येऊ लागले की आवाज चढतो आणि न बघताही हंडा भरत आला हे स्वयंपाकघरातून कळते. येथेही तेच झाले, फक्त पाण्याच्या जागी लाव्हारस होता आणि उरलेली पोकळी शेकडो फूट खोल विवराची होती.

प्रश्न : टोंगा येथील स्फोटाचा आवाज जगभर पोहोचला असे वाचले. हे कसे शक्य आहे? (गृहिणी, सातारा)

उत्तर : हुंगा टोंगा–हुंगा हापाई या प्रशांत महासागरातील ज्वालामुखीचा १५ जानेवारी २०२२ रोजी स्फोट झाला तेव्हा भारतात सकाळचे पावणेदहाच्या सुमारास वाजले होते. कानांना ऐकू येईल असा आवाज सुमारे १०,००० किलोमीटरवरच्या अलास्कापर्यंत गेला. दाबाची लहर त्याहून फार पुढे गेली. ती जमिनीलगतच्या हवेत अडकून, फारशी न विरता पसरत राहिली, पृथ्वीला वळसा घालून पुन्हा आली आणि तिच्या फेऱ्या सहा दिवसांपर्यंत यंत्रांवर उमटत राहिल्या. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातील त्या वेळी चालू असलेल्या सर्व ५३ अवश्राव्य केंद्रांवर तिची नोंद झाली. तिच्या सेकंदाला सुमारे ३१५ मीटर वेगाने हिशेब केला, तर मुंबईपर्यंतचे जवळपास १२,९०० किलोमीटरचे अंतर कापायला तिला साडेअकरा तास पुरतात. या लहरीने समुद्रालाही ढकलले, म्हणून एरवी जेथे त्सुनामी पोहोचणे शक्य नव्हते त्या कॅरिबियन समुद्रातही पाण्याची पातळी किंचित हलली.

याआधी एवढ्या ताकदीची नोंद १८८३ मधील क्राकाटोआची होती. तेथील २७ ऑगस्टच्या स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला होता आणि जगभरच्या वायुभारमापकांच्या कागदांवर त्याची लहर पुन्हा पुन्हा उमटली होती. त्या काळी दूरवरच्या वेधशाळांना एकमेकींचे कागद मिळायला कित्येक आठवडे लागले. २०२२ मध्ये अभ्यासक त्याच दिवशी नोंदी पडताळत होते.

प्रश्न : आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात आणि भांडी हलतात. लोक म्हणतात की खाली ज्वालामुखी आहे. आपण सांगितलेल्या पद्धतींनी याचा छडा लागेल का? (शेतकरी, हिंगोली जिल्हा, याच आशयाचे पत्र डहाणू येथूनही आले आहे)

उत्तर : तेथे ज्वालामुखी नाही, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाने बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीच थंड झाला. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल वेधछिद्रे घेतली, तेव्हा काळ्या पाषाणाचे थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपले आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना, घट्ट खडक लागला. वितळलेल्या खडकाचा मागमूसही नव्हता.

आवाज मात्र खरा आहे, आणि तो ऐकणाऱ्यांना वेड्यात काढणे चुकीचे आहे. भूकंप लहान आणि उथळ असेल, तर त्याची प्राथमिक लहर सेकंदाला वीस-तीसहून अधिक कंपने घेऊन पृष्ठभागापर्यंत येते. ती जमिनीला वरखाली हलवते, जमीन वरच्या हवेला हलवते आणि त्यातून गडगडाट किंवा दूरच्या सुरुंगासारखा आवाज उमटतो. कित्येकदा आवाज ऐकू येतो पण हादरा जाणवत नाही, कारण माणसाच्या कानाला जे कळते ते पायांना कळत नाही. हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता, त्यामुळे तेथील खडकांवर ताण आहे हे नाकारता येत नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी तेथे यंत्रे बसवली. हे खडकातील भेगा सरकण्याचे धक्के आहेत. पावसाचे मुरलेले पाणी भेगांत दाब वाढवते, असेही एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी मांडले आहे.

आपण विचारलेल्या पद्धती मात्र लागू पडतात. तीन-चार भूकंपमापक आणि त्यांच्या जोडीला एखादा ध्वनिसंवेदक गावाभोवती काही महिने ठेवला, तर आवाज कोणत्या धक्क्याचा, तो धक्का किती खोल आणि कोणत्या भेगेवर, हे निश्चित होऊ शकते. गावकऱ्यांनी तारीख, घड्याळातील वेळ आणि आवाजाचा प्रकार वहीत लिहून ठेवला, तर त्या टिपणांचा यंत्राच्या नोंदींशी मेळ घालता येतो. ज्वालामुखीच्या धास्तीपेक्षा जुन्या दगडमातीच्या घरांची डागडुजी ही तेथील खरी निकड आहे, कारण मध्यम भूकंपातही जीव जातो तो भिंतीखाली.

प्रश्न : दख्खनचे पठार ज्या उगमातून तयार झाले तो अजून धगधगतो आहे, हे खरे का? (महाविद्यालयीन प्राध्यापिका, औंध, पुणे)

उत्तर : बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत तसे आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि खोलवरचा तो तप्त उगम मागे राहिला. आज तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. बेटावरचा पिटॉन द ला फूर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातील सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक असून १९७९ पासून तेथे कायमची वेधशाळा आहे.

या शास्त्रातील एक अत्यंत सुंदर शोध याच डोंगरावर लागला, म्हणून आपल्या प्रश्नाचे विशेष स्वागत. भूकंप झाला तरच लहरी मिळतात, असे पूर्वी गृहीत धरले जाई. पण समुद्राच्या लाटा जमिनीला अहोरात्र बारीक हादरे देत असतात आणि प्रत्येक भूकंपमापकावर तो कोलाहल सतत उमटत असतो. अभ्यासकांना तो पूर्वी अडथळा वाटे. दोन केंद्रांवरचा हा कोलाहल बराच काळ साठवून एकमेकांशी ताडून पाहिला, तर एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे लहर जायला किती वेळ लागतो ते त्यातून काढता येते. म्हणजे धक्का न बसताही डोंगराची तपासणी रोज होऊ शकते. फ्लोरँ ब्रँगिए आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की फूर्नेझच्या उद्रेकांपूर्वी काही दिवस लहरींचा वेग सुमारे ०.०५ टक्क्याने घटतो. शिलारसाच्या दाबाने डोंगर किंचित फुगतो, त्यातील बारीक भेगा रुंदावतात आणि लहर थोडी मंदावते. दोन हजारांत एक भाग एवढा हा फरक आहे. तो पकडता येतो याचे कारण त्या लाटा कधी थांबत नाहीत आणि तुलना रोजच्या रोज करता येते.

प्रश्न : अंदमानच्या बॅरन बेटावरील ज्वालामुखीवर अशी यंत्रे आहेत का? (वाचक, पणजी)

उत्तर : बॅरन हा भारतातील एकमेव जिवंत ज्वालामुखी. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ मधील आहे. दीर्घ शांततेनंतर तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून राख आणि लाव्हारस बाहेर टाकत आहे. बेटावर वस्ती नाही, गोड्या पाण्याची आणि विजेची सोय नाही, त्यामुळे तेथे यंत्रे चालू ठेवणे कठीण आहे. अंदमानातील मोठ्या बेटांवरची भूकंपकेंद्रे शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत आणि ज्वालामुखीतील बारीक धक्के एवढ्या अंतरावर पोहोचेपर्यंत विरून जातात. उपग्रहांवर त्यामुळे बरीच भिस्त राहते.

मात्र यंत्र डोंगरावरच हवे असे नाही. अलास्कातील बोगोस्लोफ या निर्मनुष्य बेटावर एकही उपकरण नव्हते. तरीही डिसेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ या काळात तेथे झालेले सुमारे सत्तर स्फोट शेजारच्या बेटांवरील भूकंपमापक, दूरचे अवश्राव्य संवेदक आणि विजा टिपणारी यंत्रणा यांच्या आधारे ओळखले गेले आणि त्या मार्गाने जाणाऱ्या विमानांना इशारे देता आले. अंदमानात अवश्राव्य संवेदकांचा एक संच उभारणे फार खर्चिक नाही आणि त्या भागातून जाणाऱ्या विमानांची संख्या पाहता तो असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एवढी यंत्रे असताना जपानमध्ये २०१४ साली गिर्यारोहक कसे मृत्युमुखी पडले? (शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर झटपट देण्यासारखे नाही. २७ सप्टेंबर २०१४ हा शनिवार होता, हवा स्वच्छ होती, पानगळीचे रंग पाहायला ओंताके डोंगरावर गर्दी झाली होती आणि ११ वाजून ५२ मिनिटांनी, म्हणजे लोक शिखरावर जेवायला बसण्याच्या वेळी, उद्रेक झाला. ६३ जण मृत झाले किंवा बेपत्ता राहिले. डोंगरावर भूकंपमापक होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला काही दिवस छोटे धक्के वाढलेही होते, पण नंतर ते ओसरले आणि धोक्याची पातळी सर्वांत खालचीच ठेवली गेली. थरथर सुरू झाली ती उद्रेकाच्या केवळ अकरा मिनिटे आधी.

कारण असे, की हा उद्रेक वाफेचा होता. शिलारस वर येत असेल तर त्याला वाट काढायला दिवस किंवा आठवडे लागतात आणि तेवढा काळ खडक फुटत राहतो. उथळ जागी साठलेले तप्त पाणी एकाएकी वाफ होऊन फुटते, तेव्हा एवढी लांब तयारी नसते. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी २२ जण गेले, तेही अशाच स्वरूपाच्या स्फोटात. शिवाय धक्के कमी होणे म्हणजे धोका टळणे, असेही नाही. अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीवर २००९ मध्ये स्फोटांपूर्वी एकसारखे छोटे धक्के इतक्या घाईने बसू लागले, की सेकंदाला तीसपर्यंत जाऊन ते एकमेकांत मिसळले आणि त्यांची एक चढत जाणारी थरथर बनली. मग अर्धा-एक मिनिट पूर्ण शांतता, आणि त्यानंतर स्फोट. कोलंबियातील गालेरास ज्वालामुखीच्या विवरात १४ जानेवारी १९९३ रोजी सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मरण पावले. त्याआधीच्या दिवसांत भूकंपमापकावर मोजक्याच नोंदी आल्या होत्या, पण त्या आरंभी ठळक आणि मग सावकाश निमुळत्या होत जाणाऱ्या, म्हणजे दाबाखालच्या बंद भेगेच्या घुमण्याच्या होत्या. त्यांचा अर्थ त्या वेळी पुरता लागलेला नव्हता. आज अशा नोंदी गालेराससारख्या डोंगरावर दिसल्या, तर विवरात कोणालाही उतरू देत नाहीत. हे ज्ञान कोणत्या किमतीला मिळाले, ते या शास्त्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्रश्न : चिखलाच्या लोंढ्यांनी उद्रेकापेक्षाही जास्त माणसे मरतात असे वाचले. त्यांचा इशारा देता येतो का? (आपत्ती व्यवस्थापनातील कर्मचारी, रायगड)

उत्तर : देता येतो, आणि त्यासाठीही जमिनीच्या लहरीच कामी येतात. कोलंबियातील नेवादो देल रुईस या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ रोजी रात्री नऊच्या सुमारास मध्यम आकाराचा उद्रेक झाला. तापलेल्या राखेने वरचे बर्फ वितळले, ते पाणी राख आणि दगडगोटे घेऊन नदीच्या दऱ्यांतून सुटले आणि सुमारे अडीच तासांनी, सत्तरहून अधिक किलोमीटरवर असलेले अर्मेरो शहर त्याखाली गाडले गेले. तेथे वीस हजारांहून अधिक माणसे मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात अर्मेरो दाखवलेले होते. पळायला वेळही होता, कारण उंच जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण लोंढा निघाला आहे हे शहराला निश्चितपणे सांगणारी कोणतीही यंत्रणा नदीकाठी नव्हती.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या सर्वेक्षण विभागाने परदेशांना मदत करणारे ज्वालामुखी पथक १९८६ मध्ये स्थापन केले. पिनाटुबोला गेलेले पथक तेच. त्याच विभागाच्या तंत्रज्ञांनी लोंढ्याची चाहूल देणारे स्वस्त यंत्रही विकसित केले. लोंढ्यातील दगड नदीच्या तळावर आपटतात तेव्हा जमिनीत सेकंदाला दहा ते अडीचशे कंपनांच्या लहरी उठतात. भूकंपाच्या आणि ज्वालामुखीच्या थरथरीच्या लहरी बहुतांशी याहून मंद असतात. त्यामुळे काठावर पुरलेला संवेदक फक्त वरच्या पट्टीतील कंपने मोजतो आणि ती बराच वेळ टिकून राहिली, तरच रेडिओवरून सूचना पाठवतो. नदीच्या वरच्या अंगाच्या केंद्रावर आणि मग खालच्या केंद्रावर अशी ओळीने सूचना आली, तर लोंढ्याचा वेग कळतो आणि पुढच्या गावाला किती मिनिटे आहेत याचा हिशेब होतो. पिनाटुबोच्या राखेतून पुढील अनेक पावसाळे असे लोंढे येत राहिले आणि तेथे ही यंत्रे वापरली गेली.

अमेरिकेतील माउंट रेनियरवर १९९८ पासून अशी यंत्रणा आहे. अलीकडे तिच्यात अवश्राव्य संवेदकांची भर घालण्यात आली, कारण लोंढा हवेलाही ढकलतो आणि तो कोणत्या दरीतून चालला आहे हे आवाजाच्या दिशेवरून लवकर कळते. डोंगराखालच्या ऑर्टिंगसारख्या गावांना सूचना मिळाल्यानंतर पाऊण तास, फार तर तास मिळतो. त्यामुळे तेथील शाळांतील मुलांकडून भोंगा वाजताच उंच जागेपर्यंत पायी जाण्याचा सराव नियमितपणे करून घेतात. मार्च २०२४ मधील सरावात त्या खोऱ्यातील हजारो विद्यार्थी सहभागी झाले होते. आपल्या जिल्ह्यात ज्वालामुखी नाही, पण अतिवृष्टीत डोंगरउतारावरून सुटणारा चिखलमातीचा लोंढाही जमिनीत अशीच कंपने निर्माण करतो. तळिये आणि इर्शाळवाडी येथे जे घडले ते पाहता, धोक्याच्या निवडक उतारांखालील ओढ्यांवर असे संवेदक बसवून एक-दोन पावसाळे त्यांच्या नोंदी तपासून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा लागेल : अर्मेरोला अडीच तास होते, आपल्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांना काही सेकंद ते मिनिटेच मिळतात. म्हणून येथे लोंढा सुटल्यानंतरच्या इशाऱ्यापेक्षा उतार सरकू लागल्याची पूर्वसूचना देणारी मोजणी, म्हणजे पाऊस, जमिनीतील पाण्याचा दाब आणि भेगांची रुंदी यांची मोजणी, आधी हाती घ्यावी आणि कंपनसंवेदक तिच्या जोडीला ठेवावेत.